ह्यूस्टनहून मिनिआपोलिसला शिफ्ट होतोय, बर्फातल्या ड्रायव्हिंगची तयारी कशी करू?

बायूकाठी:
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही मिनिआपोलिसला शिफ्ट होतोय. आधी पुणे मग ह्यूस्टन, त्यामुळे बर्फात गाडी चालवायचा अनुभव दोघांनाही शून्य. गाडी कोरोला आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह, टायर ऑल सीझन. बायकोला रोज आय-९४ वरून सेंट पॉलला जायचंय आणि जाताना लेकीला डेकेअरला सोडायचंय, ती २ वर्षांची आहे, त्यामुळे जास्त काळजी वाटतेय. जो तो म्हणतोय कोरोला काढून टाक आणि ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही घे. खरंच गरज आहे का? गॅरेज नाहीये, गाडी रस्त्यावरच लावावी लागणार.

उत्तरवारा:
कोरोला अजिबात विकू नका. ऑल व्हील ड्राइव्ह सिग्नलवरून निघताना आणि चढावर उपयोगी पडतं, पण बर्फात खरा प्रश्न थांबण्याचा असतो आणि तिथे सगळा खेळ टायरच्या पकडीचा. मोठा बर्फ झाला की हायवेच्या कडेला घसरून पडलेल्या गाड्यांत एसयूव्ही भरपूर दिसतात, कारण गाडी सुटली झपकन म्हणून माणूस बिनधास्त होतो आणि पुढे ब्रेक लागत नाही.

पैसे टायरवर घाला. साधारण ४५ फॅरनहाइट, म्हणजे ७ सेल्सिअसच्या खाली ऑल सीझनचं रबर कडक व्हायला लागतं, विंटर टायरचं मऊ राहतं, म्हणून रस्ता कोरडा असला तरी फरक कळतो. टायरवर ३ शिखरांचा डोंगर आणि त्यात स्नोफ्लेक असं चिन्ह बघूनच घ्या, नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही. आणि चारही बदला, फक्त पुढचे २ बदलले तर वळणावर मागची बाजू सुटते. मिनेसोटात सक्ती नाहीये पण घ्याच. खिळेवाले मात्र घेऊ नका, इथल्या रहिवाशांना ते चालत नाहीत. ऑर्डर आत्ताच देऊन ठेवा, पहिला बर्फ पडला की दुकानात नंबर लागत नाही, आणि हा बर्फ लवकरही येतो, १९९१ मध्ये हॅलोविनच्या वादळात ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनिआपोलिस-सेंट पॉलमध्ये, २८ इंच पडला होता.

अजून एक, रस्त्यावर मीठ टाकलंय म्हणजे झालं असं समजू नका. साधारण १५ फॅरनहाइटच्या खाली साधं मीठ नीट काम करत नाही.

सेंटपॉलकरीण:
दादा, लेकीचं आधी सांगते. जाड फुगीर जॅकेट घालून तिला कार सीटमध्ये बसवू नका. पट्टा घट्ट वाटतो पण धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ फ्लीस घालायचं, पट्टा लावायचा आणि वरून पांघरूण टाकायचं. वहिनींना आणि डेकेअरमधल्या ताईंनाही हे सांगून ठेवा.

दुसरं म्हणजे स्नो इमर्जन्सी, म्हणजे बर्फ काढायला रस्ते मोकळे ठेवायचा नियम, तुमची गाडी रस्त्यावर असणार म्हणून. मिनिआपोलिसमध्ये शहराने ती जाहीर केली की पहिल्या रात्री ९ ते सकाळी ८ मुख्य ठरलेल्या रस्त्यांवर गाडी लावायची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ आतल्या रस्त्यांची घरांच्या सम नंबरांची बाजू मोकळी ठेवायची, तिसऱ्या दिवशी विषम. चुकलात तर दंड होतो आणि गाडी उचलूनही नेतात. शहराचे अलर्ट फोनवर घ्या आणि सेंट पॉलचे नियम वेगळे आहेत तेही बघून ठेवा.

डिकीत फावडं, ब्रश, पांघरूण, टॉर्च, फोनचा चार्जर आणि वाळूची पिशवी, चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर टाकायला. पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. आणि कधी बर्फात अडकलात तर हीटर लावायच्या आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, ते बुजलं असलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो, हे खरंच जिवावर बेततं.

कॅलगरीवाला:
बॅटरी जुनी असेल तर निघायच्या आधीच टेस्ट करून घ्या, टेक्सासच्या उन्हाने ती आधीच थकलेली असते आणि इथल्या थंडीत पहिल्यांदा तीच जाते. आमच्याकडे ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा हीटर, प्लगला लावतात पण रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला ते जमत नाही, म्हणून बॅटरी चांगली आणि जंप स्टार्टर घरात, गाडीत नाही. वॉशरचं पाणी बदलून उणे तापमानाचं भरा, टेक्सासवालं गोठेल. टायरमधली हवाही तपासत राहा, १० फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते.

बायूकाठी:
खूप आभार सगळ्यांचे, गाडी ठेवतोय, टायर आजच बघतो. बायकोला एकदम हायवेवर पाठवायची भीती वाटतेय, काय करू?

उत्तरवारा:
पाठवू नका लगेच. पहिला बर्फ पडला की रविवारी सकाळी मोकळ्या पार्किंगमध्ये दोघं जा, कमी स्पीडला जोरात ब्रेक दाबून बघा, एबीएसने (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सिस्टिम) पाय थरथरतो तेव्हा पाय काढायचा नाही, हे अंगवळणी पडलं पाहिजे. घसरलं तर जिथे जायचंय तिकडे बघायचं आणि हळूच स्टिअरिंग फिरवायचं. आय-९४ मिसिसिपीवरून जातो तो पूल जपून, पुलाला खालूनही गार हवा लागते त्यामुळे रस्त्याच्या आधी तो गोठतो, आणि काळा बर्फ, म्हणजे रस्त्यावरचा पातळ पारदर्शक थर, दिसतच नाही. स्नोप्लाऊ (बर्फ बाजूला सारणारा ट्रक) पुढे असेल तर मागेच राहा. आणि फार वाईट दिवस असेल तर लेकीला तुम्ही घरी सांभाळा आणि वहिनींना ग्रीन लाइन ट्रेनने जाऊ द्या, ती थेट सेंट पॉलला जाते.