स्तोत्र 22 : विलाप अर्ध्यावर थांबवू नका

शोकाची स्तोत्रे उपासनेत वाचली की लोक खचतात, म्हणून ती टाळावीत, हे मत मला पटत नाही. बायबलमधील स्तोत्रसंहितेतले स्तोत्र 22 घ्या. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे त्याचे पहिलेच वाक्य येशूने वधस्तंभावर उच्चारले (मत्तय 27:46, मार्क 15:34). ज्याने स्वतः हा आक्रोश केला, त्याच्या मंडळीने (चर्चने) तो का लपवावा?

खरी गंमत 21व्या ओवीत आहे. सिंहाच्या जबड्यातून, रानबैलांच्या शिंगांतून सोडव अशी याचना चालू असतानाच मूळ हिब्रूत अचानक क्रियापद येते : ‘तू मला उत्तर दिलेस’. संकट टळल्याचे वर्णन नाही, काही नाही. आणि पुढच्याच ओवीपासून मंडळीत स्तुती! हीच 22वी ओवी नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात (इब्री 2:12) येशूच्या मुखी घातली आहे.

गुड फ्रायडेला अनेक ठिकाणी केवळ पूर्वार्ध वाचतात, ते मला फार खटकते. सगळ्या 31 ओव्या वाचा. मात्र मध्ये क्षणभर थांबा, स्तुतीची घाई नको. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.