पुतणीची रेसिडेन्सी, स्टेप 1 आणि मार्क्स कार्डावरचं नाव

मंडळी, नमस्कार.

मी तुमच्या अमेरिकेतल्या मंडळाचा सभासद नव्हे, धाकट्या भावाच्या ईमेलवरून लिहितोय. मुक्काम खानापूर तालुका, मराठी शाळेत मास्तरकी करून निवृत्त. पुतणी बेळगावला बिम्समध्ये एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, सरकारी सीट. तिला अमेरिकेत मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत पुढचं शिक्षण, करायचंय. बेंगळूरचा एक क्लासवाला म्हणतो, इंटर्नशिप संपली की वर्षभर आमच्याकडे राहा, स्टेप 1 (तिथल्या डॉक्टरकीच्या परवान्याची पहिली परीक्षा) काढून देतो, वर तिकडच्या हॉस्पिटलात काम बघायची ऑब्झर्व्हरशिपही लावून देतो. फी ऐकून आमचा भाऊ शेताचा एक तुकडा काढायचं बोलूलालाय.

दुसरं असं, की एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर तिचं स्वतःचं नाव पूर्ण, पुढे वडिलांचं आणि आडनावाचं नुसतं आद्याक्षर. पासपोर्टवर सगळं पूर्ण. यानं काही अडतं का?

---

गुरुजी, सादर नमस्कार.

मी टिळकवाडीचा, दुसऱ्या गेटजवळचा. ओहायोत इंटर्नल मेडिसिन करतो. आमच्याकडे रेसिडेन्सीचे अर्ज वाचायला मीही असतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी हे, की शेत विकू नका.

स्टेप 1 ला 26 जानेवारी 2022 पासून मार्कच नाहीत. पास किंवा नापास, विषय संपला. 250 मार्कांच्या मागे वर्ष-वर्ष घालवायचा काळ गेला, क्लासवाल्यांची जाहिरात मात्र तिथंच थांबलीय. आता आम्ही अर्ज उघडला की आकडा बघतो तो स्टेप 2 सीके या पुढच्या परीक्षेचा. पण म्हणून स्टेप 1 सोपी झाली असं तिनं धरून चालू नये. अमेरिका-कॅनडाबाहेर शिकलेल्यांपैकी पहिल्या फटक्यात पास होणारे 2021 साली 82 टक्के होते, 2022 ला ते 74 वर आले. मार्क नाहीत म्हटल्यावर पोरं अर्धवट तयारीनं बसली, असं माझं मत. नापासाची नोंद ट्रान्स्क्रिप्टवर कायमची राहते, आणि एका स्टेपला संधी 4 च.

मेडिकलची दोन वर्षं झाली की स्टेप 1 ला बसता येतं, मग इंटर्नशिप संपायची वाट कशाला? पॅथॉलॉजी, फार्मा डोक्यात ताजं असतानाच ती उरकावी. स्टेप 2 सीके वॉर्डात काम करता करता जास्त चांगली होते.

ऑब्झर्व्हरशिप 'लावून देणारे' मला चांगले माहीत आहेत. त्यांनी आणलेली शिफारसपत्रं लगेच ओळखू येतात: 'कष्टाळू, वक्तशीर, नम्र', आणि एकाही पेशंटचा उल्लेख नाही. मागच्या खेपेला दोन वेगळ्या उमेदवारांच्या पत्रांत स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी होते. डिग्री हातात पडायच्या आत इलेक्टिव्ह (इथल्या हॉस्पिटलात विद्यार्थी म्हणून थोडे दिवस काम) करता आली तर करावी. विद्यार्थी म्हणून पेशंट तपासता येतो, केस मांडता येते. डिग्रीनंतर बहुतेक ठिकाणी नुसतं मागं उभं राहून बघायचं.

आणि टेलिग्रामवर 'आलेले प्रश्न' विकणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभी राहू नको म्हणावं. 2024 च्या जानेवारीत नेपाळशी संबंधित कितीतरी परीक्षार्थींचे निकाल याच संशयावरून रद्द झाले.

नावाचं म्हणाल तर अडतं. परीक्षेच्या परमिटवर नि पासपोर्टवर नाव जुळलं नाही तर सेंटरवरून परत पाठवतात. ईसीएफएमजी (बाहेर शिकलेल्या डॉक्टरांचे कागद तपासणारी इथली संस्था) एसएसएलसी विचारत बसत नाही, पण कॉलेज नाव तिथूनच उचलतं आणि डिग्रीवरही तीच आद्याक्षरं उमटतात. मग नावात फरक का, याचे कागद जोडत बसा. डिग्री छापायच्या आत कॉलेजच्या ऑफिसात दुरुस्तीचा अर्ज टाका.

शेवटी वेळापत्रक. अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस, मॅचचा (कुणाला कुठं जागा, याचा) निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी, काम 1 जुलैला सुरू. सप्टेंबरात स्टेप 2 चा निकाल हातात नसेल तर त्या वर्षी अर्जच करू नये. 2025 साली तिच्यासारख्या, म्हणजे बाहेर शिकलेल्या परदेशी उमेदवारांपैकी 58 टक्क्यांना जागा मिळाली. अर्धवट अर्जावर पैसे घालवण्यात हशील नाही.

---

दादा, तुमच्याकडून एक राहिलं!

मी निपाणीची, न्यू जर्सीत पेडियाट्रिक्स. गुरुजी, कर्नाटकात 2012 च्या कायद्यानं एमबीबीएसनंतर वर्षभर सरकारी सेवा सक्तीची केली होती. हल्ली कुणाला बोलावतात, कुणाला सूट, हे आधी लेखी विचारून घ्या. चुकवायच्या भानगडीत पडू नका. एखाद्या पीएचसीत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, वर्ष गेलं तर बिघडत नाही, मुलाखतीत बोलायला चांगलं असतं. स्टेप 2 मात्र त्याआधी उरकलेली बरी. डिग्रीनंतर फार वर्षं गेली की बरेच प्रोग्राम अर्ज बाजूला ठेवतात.

व्हिसाचंही घरात आत्ताच बोला. बहुतेकांना जे-1, म्हणजे ट्रेनिंगपुरता व्हिसा, मिळतो. त्याला दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं, आणि ट्रेनिंग संपल्यावर दोन वर्षं भारतात परतायची अट असते. अमेरिकेतच डॉक्टर कमी असलेल्या भागात नोकरी धरली तर ती माफ होऊ शकते. एच-1बी ला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, स्टेप 3 ही शेवटची परीक्षा आधी पास असावी लागते. मुलगी पाच-सहा वर्षांनी कुठं असेल हे आईवडिलांना नंतर कळलं तर फार जड जातं. माझ्या घरी तसंच झालं.

---

डॉक्टरसाहेब, ताई, दोघांचेही आभार.

मेल छापून भावाला वाचून दाखवली. क्लासवाल्याला नको म्हणून कळवलंय. पुतणी म्हणते स्टेप 1 इंटर्नशिपच्या आत देते. परीक्षेचं सेंटर बेंगळूरला घेणार, आदल्या दिवशी रात्रीची बस नको, दोन दिवस आधी जाऊन राहायचं ठरलंय. नावाचा अर्ज सोमवारी टाकतो. सक्तीच्या सेवेचं तिला माहीत होतं, घरी बोलली नव्हती.

इलेक्टिव्हचं जमलं तर महिनाभर कुणाकडे पोरीची सोय होईल का? भाडं देऊ. भाकऱ्या तिला येतात.