ॲम्पसमोर भरीव, ट्रॅकवर डास: जर्मेनियम फझचं रेकॉर्डिंग

सहावी_तार

दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचा फझ आहे, म्हणजे गिटारचा आवाज जाड, खरखरीत करणारा पेडल. सर्किट फझ फेसचंच, पीएनपी, बॅटरीवर चालणारं. ॲम्प २२ वॉटचा, फेंडरच्या साठीच्या दशकातल्या ब्लॅकफेस डिलक्स रिव्हर्बच्या सर्किटचा. खोलीत उभं राहून ऐकलं तर आवाज भरीव वाटतो, रेकॉर्ड केला की डास गुणगुणल्यासारखा. व्हायब्रेटो चॅनेल, व्हॉल्यूम २.५, एसएम५७ माइक ॲम्पच्या जाळीला चिकटून, डस्ट कॅपच्या (स्पीकरच्या मधल्या घुमटाच्या) बरोबर मधोमध. माइकचा प्रीॲम्प नीव्ह १०७३ धाटणीचा.

दुसरी पद्धत म्हणजे कोरी गिटार आधी डीआयने (ॲम्पशिवाय थेट) घेऊन नंतर फझमधून रीॲम्प करणं, म्हणजे तो ट्रॅक रीॲम्प बॉक्समधून परत फझ आणि ॲम्पला देणं. त्यात आवाज आणखी कर्कश येतो. ईक्यूने ४ किलोहर्ट्झ कापलं की डास जातो, पण त्याच्यासोबत गिटारही जाते. नेमकं कुठे चुकतंय?

डाग_आणि_रोझिन

प्रश्न दोन आहेत, आधी रीॲम्पचा घेतो.

या फझचा इनपुट इंपिडन्स (सिग्नलला होणारा रोध) जेमतेम ५ ते १० हजार ओहम. ॲम्पचा १० लाख असतो, म्हणजे फरक बघा. त्यामुळे पिकअप हा फझच्या सर्किटचाच भाग होऊन बसतो. आकडे मांडून बघू: सिंगल कॉइल पिकअप २.५ हेन्री, त्याचा डीसी रोध ६ हजार, फझचा इनपुट ८ हजार. १४ हजारांना २π गुणिले २.५ ने भागा, येतात सुमारे ९०० हर्ट्झ. तिथून वर दर सप्तकाला ६ डीबी उतार. थोडक्यात, ट्रेबल फझमध्ये शिरायच्या आधीच निम्मी मेलेली असते, आणि म्हणून क्लिपिंग (लाटेची टोकं कापली जाणं) जाड येतं. रीॲम्प बॉक्समध्ये ट्रान्सफॉर्मर असला तरी पिकअपसारखा सिरीजमधला इंडक्टन्स त्यात नसतो. पूर्ण ट्रेबल फझवर आदळते आणि तिचेच हार्मोनिक तयार होतात. ते नंतर ईक्यूने काढता येत नाहीत, कारण तोवर ते मूळ सुरात मिसळून गेलेले असतात.

उपाय: रीॲम्प बॉक्स आणि फझच्या मध्ये २ ते ३ हेन्रीचं वेटोळं सिरीजमध्ये घाला. लहान ऑडिओ ट्रान्सफॉर्मरचं एकच वाइंडिंग चालतं, दुसरं मोकळं सोडा. इंडक्टन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरने मोजून घ्या, कारण ट्रान्सफॉर्मरवर इंडक्टन्स छापलेला नसतो. तेही नसेल तर जुना सुटा पिकअप सिरीजमध्ये जोडा. तो हम पकडेल, म्हणून पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब ठेवा आणि फिरवून सर्वांत शांत कोन शोधा. वेटोळ्यापाठोपाठ ५० हजारांचा पॉट रिओस्टॅटसारखा, म्हणजे सिरीजमधला बदलता रोध म्हणून लावा. तोच तुमचा गिटारचा व्हॉल्यूम. २० हजारांच्या आसपास आणला की फझ साफ होऊ लागतो. कोरा ट्रॅक घेताना गिटारचे नॉब मात्र १० वरच ठेवा.

याच कारणाने या फझच्या आधी बफर (पिकअपला फझपासून तोडणारं सर्किट) असलेला कुठलाही पेडल नको. बफर्ड बायपासवाला ट्यूनर बंद असला तरी बफरच असतो.

काळा_बेकेलाइट

ॲम्पच्या बाजूचं मी सांगतो. अर्धा घोळ २.५ या आकड्यात आहे.

डिलक्स रिव्हर्बच्या व्हायब्रेटो चॅनेलच्या व्हॉल्यूम पॉटवर ४७ पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर कायमचा बसवलेला असतो, त्याला बंद करायचा खटका नाही. पॉट जितका खाली तितका त्याचा असर जास्त. वर नेला की तो विरत जातो. शेजाऱ्यांची दया म्हणून आवाज कमी ठेवला की नेमकी जास्तीत जास्त ट्रेबल मिळते. नॉर्मल चॅनेलवर तो कपॅसिटर नाही, गिटार आधी तिकडे लावा. रिव्हर्ब जाईल, पण फझला तसाही तो फारसा मानवत नाही.

दुसरं म्हणजे ब्लॅकफेसच्या टोन सर्किटमध्ये ४०० ते ५०० हर्ट्झला खळगा आहे. फझचा जीव तिथेच असतो. मोठ्या भावंडांना मिडलचा नॉब आहे, तो १० वर आणि ट्रेबल, बास २ वर केले की खळगा बराच भरतो. डिलक्सला तो नॉब नाही, त्या जागी ६.८ हजारांचा रेझिस्टर कायम आहे. तिथे १५ हजार घातला तर मिड वर येतो. मात्र ॲम्प बंद केल्यावरही आत ४०० व्होल्टच्या आसपास साठलेले असतात. कपॅसिटर रिकामे कसे करतात हे माहीत नसेल तर ते काम तंत्रज्ञाला द्या. हात घालायचा नसेल तर ट्रेबल आणि बास २ पर्यंत उतरवा आणि व्हॉल्यूम ५ च्या पुढे न्या. ६व्ही६ पॉवर ट्यूब थोड्या दबू लागल्या की त्याच फझच्या चौकोनी लाटेच्या कडा घासतात. ट्यूब अगदी स्वच्छ चालत असतील तर त्या कडा जशाच्या तशा स्पीकरला पोचतात.

जुन्या मार्शलवर हाच फझ गोड का लागतो त्याचंही उत्तर यातच आहे: मिडचा खळगा उथळ आणि पॉवर ट्यूब आधीच घाम गाळत असतात. अर्थात तिथेही साठीच्या दशकाअखेरच्या बऱ्याच १०० वॉटींच्या हाय ट्रेबल चॅनेलवर ५००० पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर असतो. फझ दुसऱ्या चॅनेलला लावा. व्हॉक्सच्या एसी३० ॲम्पला निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देऊन आवाज आवरणं) नाही, वरचा भाग मोकाट असतो. त्याला लगाम म्हणजे कटचा नॉब, आणि तो उजवीकडे फिरवला की ट्रेबल *कमी* होते.

आणखी एक. तुमच्या सर्किटमध्ये आउटपुट ४७० ओहम आणि ८.२ हजार यांच्या मधून घेतलाय. म्हणजे कलेक्टरवरच्या हालचालीचा जेमतेम ५.४ टक्के भाग बाहेर पडतो. ८ व्होल्टची हालचाल धरली तरी ०.४३ व्होल्ट. पेडलचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवूनही ॲम्पला धक्का बसत नाही असं वाटलं तर ४७० च्या जागी १ हजार घाला, जवळजवळ ६ डीबी वाढतात.

रिबनवाला

माइक मधोमध आणि चिकटून? तिथे स्पीकर सर्वांत तिखट असतो. त्यात एसएम५७ स्वतः ५-६ किलोहर्ट्झला उठाव देतो. खोलीत तुम्ही कोनाच्या रेषेबाहेर उभे असता, म्हणून तो तिखटपणा कानापर्यंत येतच नाही. माइक डस्ट कॅपच्या कडेपासून ४-५ सेंटिमीटर बाहेर सरकवा आणि जाळीपासून ५ सेंटिमीटर मागे घ्या. मग एकाच रिफवर एकेक सेंटिमीटर हलवत ऐका.

रिबन माइक असेल तर आणखी सोपं. आर-१२१ किंवा ४०३८ सारखा रिबन वरच्या भागाला मुळातच उठाव देत नाही. १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवा, जवळ नेला की बास फुगते. रिबनवर ४८ व्होल्ट (प्रीॲम्पची फँटम पॉवर) सोडू नका, आणि पॅचबेमधून (जोडण्यांच्या पॅनेलमधून) जाणार असाल तर दोनदा तपासा.

१०७३ कडून चमत्काराची अपेक्षा सोडा. ट्रान्सफॉर्मर खालचा भाग थोडा जाड करतो, डासाला मारत नाही. कंप्रेसरही ठेवून द्या. फझचा आवाज आधीच पाटासारखा सपाट असतो; वर ११७६ कंप्रेसर लावला तर सुरांच्या मधली खरखर तेवढी वर येते. शिखर आणि सरासरीत अंतर नसल्यामुळे सरासरी पातळी दाखवणाऱ्या व्हीयू मीटरचा काटा उजवीकडे पडलेला दिसेल. घाबरू नका, शिखर उणे १२ डीबीला ठेवा.

फझ थेट मिक्सिंग डेस्कमध्ये घालण्याचा मोह होत असेल तर एवढंच लक्षात ठेवा: गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर कड्यासारखा कोसळतो. डेस्कला तो कडा नाही. म्हणून तिथे ५ किलोहर्ट्झचा लो पास फिल्टर, तोही सप्तकाला १८ किंवा २४ डीबीचा. साधा शेल्फ पुरत नाही.

डाग_आणि_रोझिन

थेट घेताना डीआय ॲक्टिव्ह वापरा. पेडलचा ५०० हजारांचा व्हॉल्यूम पॉट विद्युतदृष्ट्या अर्ध्यावर असताना सव्वा लाख ओहमचा स्रोत बनतो. ट्रान्सफॉर्मरच्या पॅसिव्ह डीआयचा इनपुट साधारण दीड लाखाच्या आत, म्हणजे निम्मा सिग्नल तिथेच गेला.

पण हाच दोष ॲम्पपुढे कामाला येतो. पॉट अर्ध्यावर, पुढे ५ मीटरची केबल, मीटरला १०० पिकोफॅरड धरा, एकूण ५००. सव्वा लाख ओहमशी मिळून २.५ किलोहर्ट्झपासून ट्रेबल उतरते. फुकटचा टोन नॉब. पॉट पूर्ण उघडला की हा परिणाम नाहीसा होतो, म्हणून तुमचा पेडल १० वर असेल तर जरा खाली आणून बघा.

सहावी_तार

नॉर्मल चॅनेल, व्हॉल्यूम ५, माइक कडेला: डास नव्वद टक्के गेला. एक नवीन गोष्ट दिसली. तासाभराने सूर तुटक होतात, शेपूट मध्येच कापल्यासारखी. पेडल ॲम्पच्या डोक्यावर ठेवलाय.

काळा_बेकेलाइट

आधी खाली उतरवा! जर्मेनियमची गळती (नको असताना वाहणारा करंट) दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. पहिला ट्रान्झिस्टर जास्त वाहू लागतो, दुसरा आखडतो. दुसऱ्याच्या कलेक्टरवर मीटर लावा. पॉझिटिव्ह ग्राउंड असल्यामुळे आकडा उणे येईल. थंड असताना उणे ४.५ हवा. गरम झाल्यावर उणे ६.५ किंवा ७ दिसला तर हेच कारण. ८.२ हजारांच्या जागी २० हजारांचा ट्रिमर घाला, आणि पेडल ज्या तापमानाला वाजणार आहे त्याच तापमानाला, अर्धा तास थांबून, ४.५ वर आणा. डाग दिल्या दिल्या मोजू नका, सोल्डरिंग आयर्नची ऊब उतरायला वेळ लागतो.

आणि ॲम्पला अजून दोन पिनांची वायर असेल तर रेकॉर्डिंगआधी तीन पिनांची अर्थिंगवाली करून घ्या. एक हात तारांवर आणि ओठ गाण्याच्या माइकला लागला की झटका बसतो.