केमो चालू असताना गुळवेल, गव्हांकुर, हळदीच्या कॅप्सूल: काय द्यावं, काय नको?

मिरजकर:
आईचं (वय 61) स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन केमो सुरू झाली आहे. लाल औषधाच्या (डॉक्सोरुबिसिनसारख्या) दोन सायकल झाल्या, तिसरी मंगळवारी. उलट्या गोळ्यांनी थांबल्यात, पण मळमळ राहते, तोंडाला चव नाही, पोट साफ होत नाही. त्यात मावशीने गुळवेलीचा काढा आणलाय, शेजारचे काका रोज गव्हांकुराचा रस पाठवतात, चुलतभावाने हळदीच्या कॅप्सूल दिल्यात. आई कुणालाच नाही म्हणत नाही. डॉक्टर 'बाहेरचं काही नको' म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला. यातलं काही उपयोगाचं आहे का?

केळफूल:
आमच्या सासूबाईंना आलेपाक चालायचा. बाकीचं माहीत नाही.

निवृत्त_बॉटनी:
मिरजकर, मी बारावीला बॉटनी शिकवायचे आणि याच लाल सलाईनमधून गेले आहे. 'झाडपाल्याचं आहे, अपाय कसला' हे ऐकलं की अजून डस्टर आपटावासा वाटतो. अहो, व्हिनक्रिस्टीन सदाफुलीतून येतं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं, त्यापासून आतड्याच्या कर्करोगावरचं औषध बनतं. आईंना पुढे पॅक्लिटॅक्सेल दिलं तर तेही मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलेलं. झाडाला जोर असतो, म्हणूनच जपायचं.

आलं द्या. अमेरिकेत 576 रुग्णांवर झालेला अभ्यास 2012 साली छापून आला. उलटीच्या गोळ्या चालू ठेवून वर आल्याच्या कॅप्सूल दिल्या, तर दिवसाला अर्धा ते एक ग्रॅममध्ये पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. दीड ग्रॅमने जास्त फायदा झाला नाही. नंतरचे सगळे अभ्यास इतके अनुकूल नाहीत, पण पातळ ताकात किसलेलं आलं घालायला कुणाची हरकत नसावी. तोंड आलं असेल तर मात्र झोंबेल, तेव्हा नको. गोळ्या बंद करायच्या नाहीत.

पोटाचं म्हणाल तर उलटीवरच्या ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्यांनीच बद्धकोष्ठ होतं. त्यावर डॉक्टर पुष्कळदा सोनामुखीचीच गोळी लिहून देतात, ती मागून घ्या. इसबगोल घेऊन पाणी कमी प्यायलं तर आणखी घट्ट होतं, आणि मळमळीत पाणी जातं कुठे?

गव्हांकुराचा रस आजपासून बंद. सायकलनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, म्हणजे सगळ्यात कमी होतात. मातीच्या ट्रेमधलं कच्चं गवत, तेही दुसऱ्याच्या मिक्सरमधून! त्या भांड्याची रबरी रिंग काढून खालून बोट फिरवून बघा, मग ठरवा. ताप 100.4 झाला तर वाट बघत बसू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

गुळवेलही नको. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचं मांडलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नाही. तो वाद त्यांचा चालू दे. लाल औषधाची मात्रा यकृताचे रिपोर्ट बघून ठरते. ते बिघडले तर सायकल पुढे ढकलतील आणि दोष काढ्याचा की औषधाचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

हळद फोडणीत राहू द्या. त्या कॅप्सूलच्या बाटलीवर काय लिहिलंय?

रानवाट:
प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस द्या. डेंग्यूत आमच्याकडे खात्रीशीर.

निवृत्त_बॉटनी:
डेंग्यूत प्लेटलेट आपोआपही वर येतात, रसाचा खात्रीशीरपणा तिथेच संपतो. केमोत प्लेटलेट बनवणारा हाडांतला कारखानाच मंदावलेला असतो. नको.

मिरजकर:
बाटलीवर 'करक्युमिन 500 मिग्रॅ, पायपरीन 5 मिग्रॅ'. मावशी दुखावेल, हा दुसरा प्रश्न.

निवृत्त_बॉटनी:
पायपरीन म्हणजे मिरीचा अर्क. तो हळदीतलं करक्युमिन रक्तात कितीतरी जास्त चढवतो, आणि तेच काम इतर औषधांवरही करू शकतो. प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर करक्युमिनने केमोचा असर बोथट केल्याचं दिसलंय. माणसात तसंच होतं असं नाही, पण उपचार चालू असेपर्यंत बाटली कपाटात.

मंगळवारी डॉक्टरांना 'काही देऊ का' असं मोघम विचारू नका. बाटली आणि काढ्याची पुडी टेबलावर ठेवा, म्हणजे त्यांना बघावंच लागेल. ते घाईत असतील तर डाएटिशियनला भेटा. मावशींना सांगा, काढ्यापेक्षा मुगाचं कढण हवंय, गरम, तूप-जिरं घालून, रोज. त्यांना काम हवंय, ते द्या.

मिरजकर:
कढणाचं मावशीला आत्ताच फोनवर सांगितलं. मीठ किती घालू विचारत होती.

निवृत्त_बॉटनी:
बेताचं. तोंड आलं असेल तर आणखी कमी.