अंबाझरी तलावाला पायी पूर्ण प्रदक्षिणा घालता येते का?

पळसपान (प्रश्न)
दिवाळीची सुट्टी संपण्यापूर्वी वडील आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन एक दिवस नागपूरच्या अंबाझरी तलावालगतच्या जंगलात पायी फिरावे, असा विचार आहे. त्याच वाटेने उलटे न चालता निघालो तिथेच परत येता येईल, अशी तलावाभोवतीची वाट हवी आहे. बांधावरून निघून जंगलातून पूर्ण प्रदक्षिणा होते, असे एका परिचितांनी सांगितले; नकाशा पाहून मला तसे वाटत नाही. वडील एकाहत्तर वर्षांचे असून रोज तासभर चालतात, मात्र उतारावर त्यांचा गुडघा कुरकुरतो. ही प्रदक्षिणा खरोखर होते का, की त्याऐवजी नागपूरजवळच्याच गोरेवाड्याच्या जंगलात जावे?

धरमपेठकर
आपली शंका बरोबर आहे. बांध तलावाच्या पूर्वेला, शहराच्या बाजूने आहे आणि वनविभागाचे जैवविविधता उद्यान पश्चिमेकडे. या दोहोंना सांधणारी सलग पायवाट धरून काठाकाठाने चालता येत नाही. शिवाय २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्यानंतर बांधाच्या मजबुतीचा विषय ऐरणीवर आला; त्यामुळे बांधावरून जाऊ देतील, असे गृहीत धरूच नये. प्रदक्षिणेचा हट्ट सोडून उद्यानातील कच्च्या रस्त्यांवरूनच वळसा घ्यावा. जमीन बहुतांशी सपाट असल्याने वडिलांच्या गुडघ्यालाही ते सोयीचे पडेल.

गोरेवाड्याचे रान अधिक दाट आहे, हे मान्य. पण तिथे बिबट्यांचा वावर असल्याने मनाला येईल तिकडे पायी हिंडता येत नाही. २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेली तिथली सफारी तर वाहनातूनच होते. मुलीला वाघ आणि अस्वल पाहायचे असतील तर तिथे अवश्य जावे, पण तो चालण्याचा दिवस नव्हे.

टेकडीवाला
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त वेळेबद्दल सांगावेसे वाटते. ऑक्टोबरमधले आपल्याकडचे ऊन अंगाला चटके देते आणि माळावर सावली तुटपुंजी असते, म्हणून शक्य असल्यास नोव्हेंबरचा मध्य गाठावा. तेव्हा सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो; फाटक उघडताच आत शिरून दहापर्यंत बाहेर पडलात तर वडील दमणार नाहीत.

दुसरी गोष्ट कुसळांची. पावसाळ्यानंतर गवत वाळू लागले की कुसळे मोज्यांत अशी रुततात, की घरी येऊन एकेक उपसण्यात अर्धी संध्याकाळ जाते (मी शेवटी मोजेच टाकून दिले). मुलीला जाड कापडाची पूर्ण पँट घालावी, गवतात बसू देऊ नये आणि परतल्यावर गोचीड चिकटली आहे का, हे गुडघ्यामागे व कानामागे पाहावे. याच दिवसांत झाडांमधून कोळ्यांची मोठमोठी जाळीही ताणलेली असतात, तेव्हा पुढे चालणाऱ्याने हातात काठी ठेवावी.

पळसपान
दोघांचेही आभार. प्रदक्षिणेचा बेत सोडला, सकाळचीच वेळ धरतो. मुलीला पाहण्यासारखे काय असेल?

धरमपेठकर
वाटेत साग दिसला तर त्याची पाने उजेडासमोर धरून दाखवावीत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात एक बारीक अळी पानाचा हिरवा भाग खाऊन शिरा तेवढ्या ठेवते, त्यामुळे पान जाळीसारखे दिसते आणि मुलांना ते कोणीतरी मुद्दाम कोरल्यासारखे वाटते. नशीब असेल तर रोही (नीलगाय) दिसेल. तलावाकडे मात्र दुर्बीण घेऊन जावे: थापट्या, तलवार बदक अशी उत्तरेकडून येणारी बदके हिवाळ्यात नागपूर परिसरातील तलावांवर उतरतात, पण ती काठापासून दूर बसतात आणि अलीकडे जलपर्णी माजल्याने डोळ्यांनी नीट ओळखू येत नाहीत. नोव्हेंबरच्या मध्याला ती थोडीच आलेली असतील, हेही मुलीला आधीच सांगून ठेवावे.

आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या तोंडाशी येणारी) संत्री तोवर बाजारात आलेली असतील, ती सोबत न्यावीत. मात्र साली पिशवीत भरून परत आणाव्यात, नाहीतर वानरे त्या वासाने माणसांच्या मागे लागतात.