बी-३०२ च्या संगणकात न बसलेली एसएसडी

बी-३०२ (काका), सकाळी ८.१२
सर्व सभासदांस नमस्कार. ‘एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) टाका, संगणक नव्यासारखा होईल’ असा सल्ला गेल्या महिन्यात याच ग्रुपवर मला देण्यात आला होता. तो ज्यांनी दिला त्यांनी आता पुढचेही निस्तरावे, ही विनंती. काल बर्डीच्या बाजारातून आणलेली एसएसडी च्युइंगमच्या पट्टीएवढी निघाली. झाकण उघडून मी आणि सौ. यांनी टॉर्चच्या उजेडात अर्धा तास शोधले, परंतु ती बसवण्याची जागाच आत नाही. दुकानदार म्हणतो, पाकीट फोडले आहे, परत घेणार नाही.

सी-१०४, ८.३०
काका, सल्ला माझाच होता आणि त्यात मी ‘अडीच इंची साटा’ असे स्पष्ट लिहिले होते. तो संदेश कृपया पुन्हा पाहावा. ती केबलने जोडायची चपटी डबी असते. आपण आणलेली पट्टी एम.२ आकाराची एनव्हीएमई, म्हणजे केबलविना थेट बसणारी अधिक वेगवान एसएसडी आहे. ती २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते व तिला मदरबोर्डवर (संगणकातील मुख्य पाटीवर) स्वतंत्र खाच लागते. आपला मदरबोर्ड इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरच्या काळातील एच८१ प्रकारचा आहे; त्यावर ती खाच सहसा नसतेच.

ए-२०१ (ताई), ८.३४
काहीही बदलण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी.

सी-५०१, ८.४१
म्हणजे काकांनी गाडी घेतली आणि पार्किंग मिळाले नाही. आपल्या सोसायटीत यात नवीन ते काय?

सचिव, ८.४३
पार्किंगचा विषय सर्वसाधारण सभेत झालेला आहे. तो येथे पुन्हा काढू नये.

बी-३०२ (काका), ८.५०
विनोद पुरे. सकाळी बटण दाबून मी चहा ठेवतो. चहा उकळून, गाळून, पिऊन होतो, तरी पडद्यावरचे वर्तुळ फिरतच असते. मला एवढेच सांगावे की कमी खर्चात नेमके काय घ्यायचे.

सी-१०४, ९.०५
आपल्यासाठी ४८० किंवा ५०० जीबीची साटा एसएसडी योग्य राहील. एनव्हीएमई कागदावर सेकंदाला साडेतीन हजार एमबी आणि त्याहूनही अधिक वेग देते, तर साटा साडेपाचशेच्या आसपास थांबते. परंतु जुनी हार्ड डिस्क लहान लहान फायली शोधताना आपली सुई तबकडीवर इकडून तिकडे नेत बसते आणि आपला खरा वेळ तेथेच जातो. तो त्रास दोन्ही प्रकारांत सारखाच संपतो. जोडताना मात्र काळजी घ्यावी. एच८१ वर साटाचे दोनच पोर्ट सेकंदाला ६ गिगाबिट वेगाचे असतात आणि बाकीचे ३ गिगाबिटचे. शेजारी बारीक अक्षरांत छापलेले असते, ते वाचून ६ गिगाबिटच्या पोर्टलाच केबल लावावी. डेटा केबल सहसा खोक्यात येत नाही, ती वेगळी मागून घ्यावी.

कोषाध्यक्ष, ९.१७
२४० जीबी घेतल्यास पैसे वाचतील, असे सुचवतो.

सी-१०४, ९.२०
कोषाध्यक्ष साहेब, आदरपूर्वक सांगतो की असेच पैसे वाचवून कार्यालयातील संगणकाला १२० जीबीची एसएसडी बसवली गेली आणि ती इतकी भरली आहे की देखभालीची बिले काढताना तो संगणक अडखळतो. एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते. शिवाय दुप्पट क्षमतेसाठी सहसा दुप्पट किंमत पडत नाही.

कोषाध्यक्ष, ९.२६
तो निर्णय मागील समितीचा होता. इतिवृत्त पाहावे.

ए-२०१ (ताई), ९.२८
प्रत काढून ठेवावी. हे मी पुन्हा लिहीत आहे, कारण कोणी वाचलेले दिसत नाही.

ए-४०२, ९.४०
या भावात ऑनलाइन ‘१६ टीबी’ची (म्हणजे सुमारे १६,००० जीबीची) डिस्क मिळते. मी मागवली होती, म्हणून सांगतो की मागवू नका. दोन महिन्यांत फायली उघडेनाशा झाल्या, म्हणून स्क्रू काढून पाहिले तर आत गोंदाने चिकटवलेले एक मेमरी कार्ड होते, ६४ जीबीचे, आणि संगणकाला मात्र ते १६ टीबी असल्याचे भासवत होते. आता नवीन काहीही आणले की मी आधी एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासतो.

सी-५०१, ९.४४
गोंद तरी चांगला होता का?

बी-३०२ (काका), ९.५२
एसएसडीवर ठरावीक वेळाच लिहिता येते, असे जावई म्हणतात. आणि मे महिन्यात आमच्या खोलीत कूलर लावूनही भट्टीच असते, त्याचे काय?

सी-१०४, १०.०८
लिहिण्याला मर्यादा असते, जावईबापूंचे बरोबर आहे. क्रूशियल बीएक्स५०० च्या ४८० जीबीसाठी ती १२० टीबी आहे, किंग्स्टन ए४०० साठी १६०. आपण रोज २० जीबी लिहिले, जे आपण लिहिणार नाही, तरी १२० टीबी संपायला सोळा वर्षे लागतील. दोहोंची वॉरंटी तीन वर्षांची आहे. पाच वर्षांची हवी असल्यास सॅमसंग ८७० इव्हो आहे, पण ती महाग पडते. घरगुती एसएसडी साधारण ७० अंशांपर्यंत चालतात, त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्याची चिंता नको. फक्त कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नये. बिल पक्केच घ्यावे. फोटो जुन्या डिस्कवरच राहू द्यावेत आणि विंडोज तेवढी नव्यावर घ्यावी. आणखी एक गोष्ट: विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेच्या सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आपला प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, म्हणून या संगणकावर याहून जास्त खर्च करू नये. उद्या नवीन घेतलात, तर हीच एसएसडी यूएसबीच्या डबीत घालून वापरता येईल.

बी-३०२ (काका), १०.५५
दुकानदाराशी पुन्हा बोललो. सौ. बोलल्या, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. तो बदलून द्यायला तयार आहे. सी-१०४, आपण पाच वाजता स्क्रू ड्रायव्हर घेऊन यावे, चहा आहेच. आणि ताई, आपला सल्ला मी आता वाचला. प्रत काढण्यासाठी आपल्याकडील बाहेरची डिस्क दोन दिवस मिळेल का?

ए-२०१ (ताई), १०.५८
काका, ती डिस्क मार्चपासून आपल्याकडेच आहे.