प्रति: लाईट लागते, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच

खानापूरच्या पावसात आठवडाभर बंद ठेवलेला लॅपटॉप सुरू होतोय पण स्क्रीन काळी, म्हणजे लगेच मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला असं नव्हे. विंडोज परत टाकायला तर अजिबात देऊ नका, त्याचा इथे संबंधच नाही.

अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारून बघा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाईटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या उजेडाचा दोष. नसेल तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. तिथेही काही नाही? मग आधी रॅम, म्हणजे आतली मेमरीची छोटी पट्टी बघायची.

चार्जर काढा, मागचं झाकण खोला, बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर सारल्या की पट्टी आपोआप तिरकी उठते. दमट हवेत पट्टीच्या कडेच्या सोनेरी दातांवर थर बसतो. पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा, चुरा झटका. सँडपेपर नको हं! तिरकी धरून दात जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत आत सारा, मग खाली दाबा. ‘टक’ आवाज आला पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

बॅटरीचा कनेक्टर आणि चार्जर परत जोडून पहिल्यांदा सुरू करताना एकदोन मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. घाईने बंद करू नका की.